नव्या फर्निचरचा वास, डोळ्यांची आग आणि भिंतीची ओल : दसऱ्याला राहायला जावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ठाण्यात घोडबंदर रोडला नवा टू बीएचके, कार्पेट साधारण ६५० चौरस फूट. गणपतीच्या आधी इंटीरिअर उरकलं. आत गेलं की दहा मिनिटांत डोळे चुरचुरतात, कपाट उघडलं की नाकात झिणझिण्या येतात. मोठ्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर, कपाटाच्या कडेने, ओलीचा डाग दिसतोय. घरात दम्याच्या आई आणि सात महिन्यांचं बाळ. सुतार म्हणतो वास चार दिवसांत जाईल, तोवर धूप-कापूर जाळा. दसऱ्याला राहायला जायचं आहे आणि एअर प्युरिफायर कोणता घ्यावा, एवढंच तुम्ही विचारलंय.

प्युरिफायरचा प्रश्न सगळ्यात शेवटी घेतो, कारण तुमच्या घरात त्याचा उपयोग सगळ्यात कमी आहे. आधी हे लक्षात घ्या की तुम्ही ज्याला ‘वास’ म्हणताय त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत आणि तिघींची चाल वेगळी आहे. पहिली, रंग-पॉलिशमधलं थिनर आणि चिकटवण्याच्या सोल्युशनमधले द्रव. हे झपाट्याने उडतात. दोन-चार आठवड्यांत बहुतेक संपतात, सुतार म्हणतो तो वास हाच. दुसरी, प्लायवूड आणि एमडीएफच्या (लाकडाच्या भुग्याच्या बोर्डाच्या) आतल्या गोंदातून सुटणारं फॉर्मल्डिहाइड, म्हणजे डोळ्या-नाकाला झोंबणारा एक वायू. पहिले काही महिने ते जोरात सुटतं, मग कमी होतं, पण वर्षानुवर्षं थोडंथोडं येत राहतं. तिसरी ओल. ती वेळेबरोबर कमी होत नाही, वाढते. सुताराचं म्हणणं पहिल्या गोष्टीपुरतंच खरं आहे, आणि तिथेही चार दिवस कमीच. गंमत अशी की थिनरचा उग्र वास गेला की घर ‘मोकळं झालं’ असं वाटतं आणि नाकही चार दिवसांत सरावतं. त्यामुळे वास येणं-न येणं यावर निर्णय घेऊ नका. तुमच्या डोळ्यांची आग जास्त विश्वासू आहे.

किती धोका आहे, हे ठामपणे सांगायला मला तीन गोष्टी माहीत नाहीत: प्लाय कोणता वापरलाय, पॉलिश कोणतं मारलंय आणि आईंचा दमा किती आटोक्यात आहे. पहिल्या दोन तुम्ही स्वतः शोधू शकता, कसं ते खाली सांगतो. तिसरी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना ‘घरात नुकतंच फर्निचरचं काम झालंय आणि भिंतीला ओल आहे’ हे आवर्जून सांगा, कारण ते कुणी आपणहून विचारत नाही.

आता फॉर्मल्डिहाइडचं थोडं सविस्तर, कारण खरी मेख तिथेच आहे.

बाजारात ज्याला ‘कमर्शियल’ किंवा एमआर ग्रेड म्हणतात त्या प्लायचे थर युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंदाने जोडलेले असतात. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डमध्येही साधारण हाच गोंद, आणि प्रमाण जास्त, कारण तिथे लाकडाचा भुगाच गोंदाने बांधलेला असतो. हा गोंद दमट हवेत हळूहळू फुटतो आणि पुन्हा फॉर्मल्डिहाइड सोडतो. म्हणजे कारखान्यातून शिल्लक राहिलेलं उडून गेलं तरी कोठार रिकामं होत नाही. पावसाळा आला की ते पुन्हा भरतं. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणारा) किंवा मरीन प्लाय, ज्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा क्रमांक लिहिलेला असतो, त्यात फिनॉल-फॉर्मल्डिहाइड गोंद असतो. नावात फॉर्मल्डिहाइड असूनही तो पाण्याने फुटत नाही, त्यामुळे त्यातून सुटणारं प्रमाण खूपच कमी असतं.

फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. पण घाबरून जाण्याआधी हे पाहा: त्या निष्कर्षामागचा मुख्य पुरावा वर्षानुवर्षं कारखान्यात काम करणाऱ्यांचा आहे. घरातला रोजचा त्रास म्हणजे डोळे, नाक, घसा आणि दमेकऱ्यांचा श्वास. घरातल्या हवेसाठी याच संघटनेची २०१० ची मर्यादा आहे दर घनमीटर हवेत ०.१ मिलिग्रॅम, अर्ध्या तासाची सरासरी धरून.

‘आमचा प्लाय ई-१ आहे’, म्हणजे कमी फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या दर्जाचा आहे, असं दुकानदाराने सांगितलं असेल, तर ते ऐकून निश्चिंत होऊ नका. ई-१ ची युरोपीय मर्यादा आहे ०.१२४ मिलिग्रॅम, म्हणजे वरच्या आकड्याहून मुळातच थोडी जास्त. शिवाय ती कोणत्या खोलीत मोजतात? २३ अंश तापमान, ४५ टक्के आर्द्रता, दर घनमीटर हवेमागे एक चौरस मीटर बोर्ड, आणि तासाला एकदा खोलीतली सगळी हवा बदललेली. आता तुमचं घर घ्या. साडेनऊ फूट उंची धरली तर घरात सुमारे १७५ घनमीटर हवा आहे. दोन कपाटं, किचन, पलंग, टीव्ही युनिट मिळून ५० शीट लागल्या असं धरू. आठ बाय चारची शीट, दोन्ही बाजू मिळून साधारण ३०० चौरस मीटर पृष्ठभाग. म्हणजे चाचणीत एक, तर तुमच्याकडे पावणेदोन चौरस मीटर. त्यावर सनमायका लागलेला असतो हे खरं, पण सगळीकडे नाही. तापमान २३ वरून ३० ला गेलं की सुटण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. आर्द्रता ४५ वरून ७५ टक्क्यांवर गेली की आणखी दीडपट. आणि खिडक्या बंद असलेल्या फ्लॅटमध्ये हवा तासाला एकदा कसली, चार-पाच तासांत एकदा बदलली तरी पुष्कळ. लेबल खोटं नसतं. ते ठाण्यातल्या ऑक्टोबरसाठी लिहिलेलं नसतं, इतकंच.

म्हणून आता तपासणी. सुताराकडे किंवा माळ्यावर कटिंगचे उरलेले तुकडे असतीलच. चार इंचाचा तुकडा जुन्या भांड्यात पाण्यात बुडवून उघड्या बाल्कनीत सहा-सात तास उकळा. घरात अजिबात नको, वाफेबरोबर फॉर्मल्डिहाइडच बाहेर पडतं. थर सुटले, फुगले, हाताने सोलले गेले तर युरियाचा गोंद. घट्ट राहिला तर बहुधा फिनॉलचा (आयएस ७१० ची खरी चाचणी ७२ तास उकळण्याची आहे, पण एवढ्यावरून अंदाज येतो). कडेला दिसणारी गोंदाची रेघ गडद तपकिरी असली की मरीन, असं सुतार सांगतात. त्यावर भरवसा नको, युरियाच्या गोंदातही रंग मिसळतात. मुख्य म्हणजे एकच तुकडा उकळू नका. कपाटाच्या बाजू १८ मिलिमीटर मरीनच्या आणि मागची पाठ, ड्रॉवरचे तळ ६ मिलिमीटर कमर्शियलचे, ही आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. बिलात ‘मरीन प्लाय’ एवढंच लिहिलेलं असतं.

पॉलिशचंही विचारा. लाकडी पट्ट्यांवर किंवा व्हिनिअरवर ‘मेलामाइन’ पॉलिश मारलं असेल तर तेही ॲसिड घालून सुकवलेलं फॉर्मल्डिहाइडचंच रेझिन आहे आणि मारल्यानंतर कित्येक महिने वायू सोडतं. डोळ्यांत जाणारा झणका प्लायपेक्षा यातून जास्त येत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचं उलट असतं: फवारताना त्यातलं हार्डनर दम्याला फार वाईट, अगदी नव्याने दमा सुरू करण्याइतकं; पण पूर्ण सुकलं की त्रास जवळजवळ नाही. सनमायका चिकटवायला पांढरा फेव्हिकॉलसारखा पाण्याचा गोंद वापरला असेल तर चिंता नाही. कडा आणि गोलाईसाठी जे पिवळसर रबरी सोल्युशन लावतात त्यात टोल्युइनसारखे द्रव असतात. ते उडून जातात, पण दारं लावलेल्या कपाटातून नव्हे.

रंगाबद्दल थोडक्यात. भिंतींना पाण्याचा इमल्शन असेल तर वास दोन आठवड्यांत जातो. ‘लो व्हीओसी’चा (हवेत उडणारी रसायनं कमी असल्याचा) आकडा पांढऱ्या बेसचा असतो, दुकानातल्या मशीनवर गडद शेड करताना त्यात पडणाऱ्या रंगद्रव्यांचा हिशेब वेगळा. दारं-खिडक्यांना ऑइल पेंट लावला असेल तर त्याला जास्त वेळ द्या. शिशाची भीती नव्या घरात कमी आहे. नोव्हेंबर २०१७ पासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) आहे. जुन्या इमारतीत राहणाऱ्या वाचकांनी मात्र बाळ असताना जुना ऑइल पेंट कोरडा घासून काढू नये.

आता उपाय. माझा क्रम ठरलेला आहे: आधी उघडं लाकूड बंद करा, मग हवा बदला, मग ओल, आणि उरलंच तर यंत्र. लोक बरोबर उलटं करतात, कारण यंत्र विकत मिळतं आणि बाकीच्यासाठी सुताराला परत बोलवावं लागतं.

उघडं लाकूड कुठे असतं? दर्शनी भागावर एक मिलिमीटरचा सनमायका असतो, तिथून फारसं काही येत नाही. टॉर्च घेऊन आतून पाहा: ड्रॉवरच्या तळाची खालची बाजू, कपाटाच्या पाठीची भिंतीकडची बाजू, फळ्यांच्या मागच्या कडा, बिजागरीसाठी पाडलेली ३५ मिलिमीटरची भोकं, सिंकखालचं कापलेलं तोंड, लॉफ्टचा वरचा भाग, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॉक्स पलंगाचं पोट. त्या पोटात गाद्या-गोधड्या वर्षभर बंद राहतात आणि माणूस त्याच्यावर आठ तास नाक ठेवून झोपतो. एकाच जागेवर खर्च करायचा असेल तर मी पलंगावर करायला सांगेन. बोर्डाच्या पृष्ठभागापेक्षा कापलेल्या कडेतून वायू कितीतरी पटीने सहज निघतो, म्हणून कडेची अर्धा इंचाची उघडी पट्टी ‘एवढीशीच तर आहे’ म्हणून सोडू नका.

सपाट मोठ्या भागांना ०.७ किंवा ०.८ मिलिमीटरचा लायनर (आतल्या बाजूंसाठीचा पातळ) सनमायका पांढऱ्या गोंदाने लावून घ्या. कडांना पीव्हीसीची एज बँडिंग पट्टी. जिथे हे शक्य नाही तिथे पाण्याचा पारदर्शक वूड सीलर, दोन हात, मध्ये कंपनीने डब्यावर लिहिलेला वेळ सोडून, आणि कडांना तिसरा हात, कारण कड पहिला हात पिऊन टाकते. ड्रॉवरसारख्या कोरड्या जागी आपली जुनी चपडीही (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) चालते. स्पिरिट काही तासांत उडतं आणि मागे राहणारा लाखेचा थर चांगला अडवतो. मात्र ओल्या भिंतीकडच्या बाजूला चपडी नको, ती दमटपणात पांढरी पडते. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा त्या दिवशी घरात दिवा-उदबत्ती बंद. भोकांना प्लास्टिकच्या टोप्या मिळतात, त्या बसवा. आणि या कामासाठी सुताराने पुन्हा मेलामाइनचा डबा आणला तर त्याला परत पाठवा.

यानंतर हवा. हा हंगाम तुमच्या बाजूचा आहे. पितृपक्षात कुणी सामान हलवत नाहीच, तेव्हा हे पंधरा दिवस घराला द्या. रोज दुपारी बारा ते चार सगळ्या खिडक्या बंद, पण कपाटांची दारं, ड्रॉवर, पलंगाचं झाकण सगळं सताड उघडं. उन्हाने घर तापेल, वायू जोरात सुटेल. या वेळात आत कुणी थांबायचं नाही. चार वाजता सगळ्या खिडक्या उघडा, किचन आणि बाथरूमचे एक्झॉस्ट लावा, एक उभा पंखा खिडकीकडे तोंड करून बाहेर हवा फेकेल असा ठेवा, आणि शक्य असेल तर रात्रभर तसंच राहू द्या. छताचे पंखे फिरवून उपयोग नाही, ते तीच हवा ढवळतात. एक्झॉस्टच्या खोक्यावर तासाला किती घनमीटर हवा फेकतो ते लिहिलेलं असतं. २५० लिहिलं असेल तर तुमच्या १७५ घनमीटर घरात कागदावर तासाला दीड वेळा हवा बदलेल. जाळी, झडप आणि तेलकट धूळ यांनी प्रत्यक्षात निम्मी धरा. शिवाय हवा बाहेर जायची तर कुठून तरी आत यायला हवी, म्हणून एक्झॉस्टच्या विरुद्ध टोकाची खिडकी उघडी असणं गरजेचं.

हीटर लावून घर मुद्दाम चाळीस अंशांवर भाजण्याचा प्रयोग करू नका. सनमायका सुटतो, व्हिनिअर तडकतं, आणि हवा पुरेशी बदलली नाही तर सुटलेला वायू पडदे, गाद्या, पीओपी शोषून घेतात आणि नंतर सावकाश परत देतात. याच कारणासाठी गाद्या, पडदे, कपडे हे सगळं शेवटी आणा. बाळाचे कपडे नव्या कपाटात पहिले काही महिने ठेवूच नका. (गावी पाठवायला काढलेलं जुनं लोखंडी कपाट परत बोलावता आलं तर पाहा. हवेच्या दृष्टीने घरातलं सर्वात स्वच्छ फर्निचर तेच असतं.)

पॉलिशपेपरने घासलेल्या पुट्टीची पांढरी धूळ अजून फळ्यांवर, पंख्यांच्या पात्यांवर, ट्रॅकमध्ये असेल. केरसुणीने झाडली तर ती हवेत जाते आणि दोन तासांनी परत बसते. आधी व्हॅक्यूम, मग ओलं फडकं, वरून खाली, आठवड्याच्या अंतराने तीनदा.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या ओळीवर तुम्ही सगळ्यात कमी लिहिलंय ती: ओलीचा डाग. आईंसाठी मला प्लायपेक्षा याची काळजी जास्त वाटते. ओल आणि बुरशी असलेल्या घरात दमा वाढतो, हे २००९ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत स्पष्ट आहे. आणि तीच ओल कपाटाच्या उघड्या पाठीला भिजवून फॉर्मल्डिहाइडही वाढवते. म्हणजे तुमच्या घरातले दोन्ही प्रश्न त्या कपाटाच्या मागे एकमेकांना भेटलेत.

आधी ओल कुठून येतेय ते ठरवा. डागावर दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. पाण्याचे थेंब खोलीकडच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा गार भिंतीवर बसतोय. भिंतीकडच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येतंय. डागही वाचता येतो: पांढरी, मिठासारखी, बोटाने भुरभुरणारी पूड म्हणजे लोणा, ती विषारी नाही पण पाणी भिंतीतून वाहतंय याची पावती आहे. काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास म्हणजे बुरशी.

पाणी भिंतीतून येत असेल तर नव्या इमारतीत तीन जागा पाहा: बाहेरच्या प्लास्टरमधली बारीक भेग, खिडकीच्या चौकटीचा खालचा सांधा, आणि पलीकडे बाथरूम असेल तर त्याचं वॉटरप्रूफिंग किंवा आतला पाइप. पाऊस थांबल्यावर डाग फिका पडत गेला तर पहिल्या दोन. पाऊस असो-नसो, डाग तसाच राहिला तर बाथरूम. हे काम बिल्डरकडूनच करून घ्या. रेरा कायद्यात बांधकामातील दोषांसाठी ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांची जबाबदारी त्याच्यावर आहे. लेखी तक्रार, तारखेसह फोटो. तो माणूस पाठवून आतून वॉटरप्रूफ रंगाचे दोन हात मारून देईल. ते घेऊ नका. पाणी बाहेरून येतंय आणि तुम्ही आतून बूच लावलंत तर ते भिंतीत कोंडतं, पुढच्या पावसाळ्यात रंगाला फुगे आणि पोपडे येतात आणि मधल्या काळात कपाटाच्या मागे काय चाललंय ते दिसत नाही. भेग बाहेरून कापून, भरून, वरून कोटिंग. मग भिंत उघडी ठेवून वाळवणं. त्यानंतर आतलं प्लास्टर-रंग. वाळायला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर ते कपाट तिथून हलवायला हवं. भिंतीत ठोकून बसवलेलं असेल तर निदान पाठ कापून काढा, भिंत मोकळी करा. परत बसवताना भिंत आणि पाठ यांत दोन-तीन इंच जागा, खाली-वर हवेला वाट, आणि पाठीच्या दोन्ही बाजूंना लायनर.

बुरशी दिसली तर कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू सगळ्या घरात जातील. एन-९५ मास्क, हातमोजे, साबणाचं पाणी, ओलं फडकं, आणि फडकं पिशवीत बांधून बाहेर. घासताना आई आणि बाळ घरात नकोत. ब्लीच पाजून काळा रंग जातो, पण सच्छिद्र प्लास्टरच्या आत ते पोचत नाही. आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचं ॲसिड मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो, तेव्हा तो प्रयोग मुळीच नको. फॉल्स सीलिंगच्या कागदी जिप्सम बोर्डवर बुरशी आली असेल तर पुसत बसू नका, तेवढा तुकडा कापून टाका. कागद हे तिचं अन्नच आहे. बुरशी तीन बाय तीन फुटांहून मोठ्या भागावर पसरली असेल तर स्वतः हात न लावता माहीतगार माणूस बोलवा.

ओल हवेतून येत असेल तर काम सोपं आहे. दोन-तीन साधे आर्द्रता मीटर आणा, एक कपाटाच्या आत ठेवा. आत कायम ६० टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे. पावसाळ्यात बाहेरची हवाच ८५-९० टक्क्यांची असते, तेव्हा खिडकी उघडून घर वाळत नाही, उलट भरतं. त्या दिवसांत एसीचा ड्राय मोड किंवा डीह्युमिडिफायर. पाऊस संपल्यावर, बाहेरची हवा कोरडी असेल त्या दिवसांत खिडकी हाच डीह्युमिडिफायर.

एसीवरून आठवलं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, तीच हवा गार करून फिरवतो. दहा बाय बाराच्या बंद खोलीत दोन मोठी माणसं झोपली तर कार्बन डायऑक्साइड तासाला ७०० पीपीएमच्या आसपास चढतो. बाहेर तो ४२० च्या जवळ असतो. पहाटेपर्यंत २००० पार होणं अगदी नेहमीचं. तो स्वतः या पातळीला विषारी नाही, पण हवा किती कोंडली आहे याचा तो काटा आहे: तो साचतोय म्हणजे फॉर्मल्डिहाइडही साचतंय. म्हणून मीटर घ्यायचाच असेल तर एनडीआयआर सेन्सरचा (इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणारा) कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या. ऑनलाइन मिळणारे ‘फॉर्मल्डिहाइड मीटर’ सॅनिटायझरच्या वासानेही उसळतात, त्यांच्या आकड्यांवर घाबरू किंवा निश्चिंत होऊ नका. खरा आकडा हवा असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेकडून पंपाने नमुना घेऊन तपासणी करून घ्या, नमुन्याआधी रात्रभर घर बंद ठेवून. एसी चालू असताना खिडकी दोन बोटं उघडी ठेवा. बिल थोडं वाढेल.

धूप-कापूर जाळण्याने वायू जात नाही. धुराचे सूक्ष्म कण वाढतात आणि वास झाकला जातो. मच्छर कॉइल तर दमेकरी असलेल्या घरात नकोच. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, चीन आणि मलेशियातल्या कॉइलांवरच्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. खिडक्यांना जाळ्या लावा. मनीप्लांट, स्नेक प्लांट हौसेने ठेवा; पण खिडकी उघडल्याइतका परिणाम हवा असेल तर दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील, असा २०१९ च्या एका आढाव्याचा हिशेब आहे.

आणि अखेर तुमचा प्युरिफायर. त्यातला हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म जाळी) कण पकडतो, वायू नाही. फॉर्मल्डिहाइडचा रेणू इतका लहान की साध्या कोळशाच्या जाळीतही तो फारसा टिकत नाही. त्यासाठी खास रसायन लावलेला कोळसा लागतो, तोही किलोंत. तरीही आईंच्या खोलीत प्युरिफायर ठेवायला माझी हरकत नाही, कारण रस्त्याची धूळ आणि फोडणीचा धूर तो नक्की कमी करतो. त्यांची खोली ३२ घनमीटरची धरली तर तासाला पाच फेऱ्यांसाठी सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, निदान १६० घनमीटर हवा. आयोनायझर किंवा ओझोनचं बटण असेल तर ते बंद ठेवा. ओझोन लिंबाच्या वासाच्या क्लीनरशी मिळून नवं फॉर्मल्डिहाइड तयार करतो. किचनची चिमणी डक्टने बाहेर काढलेली आहे ना, तेही पाहा. डक्ट नसलेली तेल अडवते, वायू परत खोलीत सोडते. आणि बाथरूमच्या आत गॅस गिझर बसवला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून आधी तो बाहेर काढा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो सवड देत नाही.

दसऱ्याचं काय? मुहूर्त मोडू नका. कलश ठेवा, पूजा करा, दूध उतू घाला, खिडक्या उघड्या ठेवून सगळे जेवा आणि रात्री झोपायला जुन्या घरी परत जा. पाठी-तळ बंद होऊन, पंधरा-वीस दिवस हवा खेळवूनही घर रात्रभर बंद ठेवल्यावर सकाळी आत शिरताच डोळे चुरचुरले नाहीत, तर आधी तुम्ही दोघांपैकी एकाने चार-पाच रात्री राहून पाहायचं. मग आई आणि बाळ, आणि त्यांना ओलीची खोली नाही. ज्या खोलीत प्लाय सगळ्यात कमी आणि खिडकी सगळ्यात मोठी ती त्यांची. आईंना तिथे रात्री खोकला वाढला, पंप नेहमीपेक्षा जास्त वेळा लागला तर ‘सवय होईल’ म्हणून थांबू नका, त्याच दिवशी परत न्या आणि डॉक्टरांशी बोला.

तुकडे उकळून काय झालं, पॉलिशच्या डब्यावर काय लिहिलंय आणि प्लास्टिकच्या कोणत्या बाजूला थेंब आले, एवढं कळवा. कपाटाची पाठ कापायची की नुसती सरकवायची ते त्यावर सांगता येईल.